पोटावरचा टाका आडवा, पिशवीवरचा उभा

सकाळी 7 वाजून 50 मिनिटांनी तिला स्ट्रेचरवरून आमच्या प्रसूतिकक्षात आणलं, तेव्हा डाव्या हाताने ती उजवा खांदा दाबून धरत होती. नववा महिना, कळा चालू, आधीचं एक सिझर. आमच्या सगळ्यांच्या नजरा तिच्या पोटावर होत्या. खांद्याबद्दल सासूनेच सांगून टाकलं, "काल दिवसभर क्रेट उचललेत मॅडम, भरून आलाय."

आम्हाला ते पटलं. जानेवारीची अखेर होती आणि नाशिकजवळच्या दिंडोरीकडच्या बागांमध्ये द्राक्षांची काढणी सुरू झाली होती. सुरगाणा, पेठ भागातली कितीतरी जोडपी दिवाळीनंतर घर बंद करून या बागांवर येतात, शेडमध्ये राहतात आणि घडांच्या विरळणीपासून काढणीपर्यंत कामं करतात. हीसुद्धा त्यांतलीच. वय 23. गरोदरपणाचे 36 आठवडे आणि 4 दिवस. तिची ओळख पटेल असे तपशील मी इथे वगळले आहेत. वैद्यकीय भाग मात्र जसाच्या तसा लिहिते आहे, माझ्या हातून झालेल्या चुकीसकट.

आधीचं बाळंतपण

16 महिन्यांपूर्वी, पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यातच तिचं पाणी गेलं होतं. बाळ आडवं होतं आणि एक हात खाली उतरला होता. एका रुग्णालयात रात्री सिझर झालं. बाळ तीन दिवस जगलं. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर ऑपरेशनची नोंद एका ओळीची होती: "सिझेरियन, खालच्या भागातून." बाळ गेल्याचं दुःख, त्यावर घरच्यांची घाई, आणि पाळणा लांबवण्याबद्दल कुणी दोन शब्द बोललंच नव्हतं. ऑपरेशनला सात-आठ महिने होतात न होतात तोच पुन्हा दिवस गेले.

गावाकडे नाव नोंदवलं गेलं, गोळ्या मिळाल्या, आशाताईंनी माता-बाल संरक्षण कार्डावर "पूर्वी सिझर" असं लाल पेनाने लिहून अधोरेखित केलं. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. ऑपरेशनचं जुनं कार्ड मात्र गावाकडच्या पेटीतच राहिलं. ते सोबत असतं तरी फार उपयोग झाला नसता, ते पुढे येईलच.

सिझरमध्ये पोटाच्या कातडीवरचा छेद आणि आतल्या गर्भाशयावरचा छेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बोलण्यात गर्भाशय म्हणजे पिशवी, म्हणून इथेही तोच शब्द वापरते. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात पिशवीचा खालचा भाग ताणून पातळ झालेला असतो. तिथे आडवा छेद घेतला की रक्त कमी जातं, टाके नीट भरतात आणि पुढच्या खेपेला कळांचा जोर त्या जागेवर तुलनेने कमी पडतो. असा एक आडवा छेद असलेल्या बाईने पुढे नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न केला तर पिशवी उसवण्याचा धोका साधारण 200 जणींमध्ये एकीला असतो. पण सातव्या महिन्यात हा खालचा भाग तयारच झालेला नसतो. त्यात बाळ आडवं, पाणी गेलेलं, पिशवी बाळाला घट्ट आवळून बसलेली. अशा वेळी बाळ सुखरूप काढायचं तर कधीकधी पिशवीवर उभा छेद घ्यावा लागतो आणि तो वरच्या, जाड स्नायूच्या भागात जातो. तो भाग प्रत्येक कळेला जोराने आकसतो. तिथला व्रण पुढच्या गरोदरपणात उसवण्याचं प्रमाण 100 मध्ये 4 ते 9 पर्यंत सांगितलं जातं, आणि तो कळा सुरू होण्याआधीही उसवू शकतो. म्हणून असा छेद झालेल्या बाईला कळांची वाट पाहायला लावत नाहीत. 36 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान ठरवून सिझर करतात.

कातडीवरचा टाका बघून यातलं काहीही कळत नाही. ओटीपोटावर नाजूक आडवी रेघ आणि आत उभा छेद, असं सर्रास असू शकतं. हिचं नेमकं तसंच होतं. ते तिला माहीत नव्हतं, घरच्यांना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

पहाटे चारपासून

पहाटे चारच्या सुमारास शेडमध्ये तिच्या पोटात दुखायला लागलं. रात्रीच्या जेवणाने दुखत असेल म्हणून ती तासभर गप्प पडून राहिली. साडेपाचला सासूला उठवलं. मुकादमाला फोन झाला, बागमालकाच्या पिकअपमधून 6.20 ला ती ग्रामीण रुग्णालयात पोहोचली. तिथल्या डॉक्टरांनी कार्डावरचं लाल अक्षर वाचलं, कळा वाढवणारं कुठलंही इंजेक्शन दिलं नाही, हाताला सलाईन लावून लगेच 108 बोलावली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. व्रण असलेल्या पिशवीला "कळांचं इंजेक्शन" बेहिशेबी टोचल्याने उसवलेल्या पिशव्या मी पाहिल्या आहेत, आणि काही तर कधी छेदच न झालेल्या, चौथ्या-पाचव्या खेपेच्या होत्या. इथे तसं झालं नाही. दिंडोरी ते नाशिक अंतर सुमारे 25 किलोमीटर. रस्त्यात बाळाचे ठोके मिनिटाला 148 ते 152 होते, तशी नोंद आहे.

राहिलं ते एकच: निघताना आम्हाला फोन आला नाही. अर्धा तास आधी कळलं असतं तर भूलतज्ज्ञ आणि रक्त दोन्ही तयार ठेवता आलं असतं.

आमच्याकडे आल्यावर पहिली तपासणी अशी: नाडी 118, रक्तदाब 108/70. "बीपी चांगलं आहे," असं कुणीतरी म्हणालं आणि मीही मान हलवली. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त 40 टक्क्यांच्या वर वाढलेलं असतं, त्यामुळे आत लिटरभर रक्त सांडलं तरी दाब तगून राहतो. आधी धावते ती नाडी. नाडीच्या आकड्याला वरच्या दाबाने भागलं आणि उत्तर 0.9 च्या वर आलं तर कान टवकारावेत, हे मी दरवर्षी नव्या मुलामुलींना शिकवते. 118 भागिले 108. त्या सकाळी हा भागाकार मी केला नाही.

केसपेपरवर माझ्याच हाताने लिहिलं आहे: "पूर्वीचं सिझर 1, टाका आडवा, बरा भरलेला. गर्भाशयमुख 3 सेंमी. रक्ताची व्यवस्था करणे. सीटीजी लावणे. त्यानंतर निर्णय." म्हणजे नॉर्मल होईल का, याचा विचार माझ्या मनात चालू होता. पिशवीवर कसला छेद आहे हे माहीत नसताना, सातव्या महिन्यात आडव्या बाळासाठी सिझर झालंय हे सासूने सांगितलेलं असताना, तो विचार मी करायलाच नको होता. तेवढ्या माहितीवरून उभ्या छेदाचा संशय घेऊन तिला सरळ थिएटरमध्ये न्यायला हवं होतं.

सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या मशीनचा, पट्टा बांधता बांधता आमच्या सिस्टरने तिला विचारलं, "कळ आली की सांगशील?" तेव्हा ती जे बोलली ते माझ्या कानात आजही आहे. "कळ जाते सिस्टर, पण दुखायचं जात नाही."

बाळंतपणाच्या कळा लाटेसारख्या असतात, दोन कळांमध्ये बाई मोकळी होते, पाणी मागते, बोलते. मधल्या वेळातही दुखत राहणं, तेही एकाच जागी, हे पिशवीच्या व्रणाचं दुखणं असू शकतं. आणि खांदा. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, जमतं आणि त्याला डिवचतं. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच नसांच्या मुळांतून मेंदूकडे जाते, म्हणून रक्त पोटात असतं आणि दुखतो खांदा. क्रेटचा त्यात काही संबंध नव्हता.

सिस्टरने लघवीची नळी घातली. नळीतून उतरलेली पहिली लघवी फिकट गुलाबी होती. तिने ती उचलून उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी मशीनचा आवाज बदलला. 150 वरून 110, मग 80. घड्याळात 8 वाजून 11 मिनिटं. कूस बदलली, ऑक्सिजन लावला. ठोके 80 वरून वर आले नाहीत.

22 मिनिटं

8.14 ला मी "थिएटर" म्हटलं. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा स्ट्रेचर ढकलता ढकलता घेतला. तिला एवढंच सांगता आलं, "ताई, पिशवी उसवली असावी, बाळ लगेच काढतोय." पाठीतून भूल देण्याइतका वेळ नव्हता आणि रक्त जात असताना ते योग्यही नव्हतं, म्हणून पूर्ण भूल. दोन्ही हातांना जाड सुया लावल्या.

पोट उघडलं आणि रक्त टेबलावरून खाली आलं. आत मोजलेलं साधारण 1,200 मिलिलिटर. पिशवीच्या समोरच्या बाजूला, मध्यभागी, वरच्या भागात 9 सेंटिमीटरची उभी फाट होती. तिच्या कडा पांढुरक्या, पातळ, जुन्या व्रणाच्या. त्या फाटीतून बाळाचा खांदा आणि एक हात पोटाच्या पोकळीत आला होता आणि वार जवळजवळ निम्मी सुटली होती. पूर्ण दिवसांत पिशवीकडे मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त जातं. अशा जागी फाट पडली की आईचं रक्त आणि बाळाचा प्राणवायू दोन्ही एकाच दारातून बाहेर पडतात.

8.33 ला बाळ बाहेर आलं. मुलगी, 2.3 किलो. रडली नाही. ठोके घसरल्यापासून 22 मिनिटं झाली होती. बाळ साधारण 17-18 मिनिटांच्या आत निघालं तर मोठी इजा बहुधा टळते, असं पूर्वीच्या अभ्यासांमधून दिसलेलं आहे. आमची चार-पाच मिनिटं जास्त झाली. आणि 7.50 ते 8.11 हा जो वेळ माझ्या "त्यानंतर निर्णय" या दोन शब्दांत गेला, तो मी कुठे धरायचा?

पिशवी ठेवायची की काढायची

बाळ आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या हाती गेलं आणि आम्ही पिशवीकडे वळलो. फाट कडांवर भुरभुरीत होती, पण बाजूच्या मुख्य रक्तवाहिन्यांपर्यंत गेली नव्हती. मूत्राशय शाबूत होता, लघवीतलं रक्त नुसत्या ताणाचं असावं. पिशवी काढून टाकली असती तर रक्तस्राव खात्रीने थांबला असता, आणि बाई हातची जाते आहे असं दिसलं तर तो निर्णय क्षणभरही लांबवू नये. पण दाब 90 च्या वर टिकून होता, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आणि पिशवी आकसण्याची औषधं लागू पडत होती. व्रणाच्या जुन्या कडा कापून थरांमध्ये शिवायला घेतलं. 40 मिनिटं लागली. लाल पेशींच्या 4 आणि प्लाझ्माच्या 4 पिशव्या गेल्या.

शिवून होत आलं तेव्हा माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "नळ्याही बांधून टाकूया ना? नवऱ्याची सही घेतो." बाहेर जाऊन त्याने विचारलंही. नवरा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." नळ्या बांधणं म्हणजे कायमची नसबंदी. सहकाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वरच्या भागातली फाट शिवलेल्या पिशवीत पुन्हा गर्भ राहिला तर पुन्हा फाटण्याचा धोका खालच्या भागातल्या फाटीपेक्षा कितीतरी जास्त, आणि पुढच्या वेळी ती सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर असली तर? हा प्रश्न खरा आहे. माझ्यासारख्याच अनुभवाच्या अनेकांनी त्या क्षणी नळ्या बांधल्या असत्या.

मी बांधल्या नाहीत. तिचं पहिलं बाळ गेलेलं. दुसरं शेजारच्या टेबलावर मास्कने श्वास घेतंय, तेही राहील की नाही ठाऊक नाही. ती भुलीखाली. तिचा जीव वाचवायला नळ्या बांधण्याची गरज नव्हती, ती भविष्याची काळजी होती, आणि भविष्य तिचं होतं. नवऱ्याची सही तिच्या जागी चालत नाही. जागी झाल्यावर तिच्याशी बोलायला माझ्याकडे पाच दिवस होते.

चौथ्या दिवशी राउंडला गेले तर तिने साडीचा पदर तोंडावर ओढून हळूच विचारलं, "मॅडम, माझी पिशवी काढली का?" चार दिवस हा प्रश्न तिने मनात ठेवला होता. तिला सगळे सांगत होते, वाचलीस, नशीब. पिशवी आहे की नाही हे कुणीही सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी खुर्ची ओढली, कागदावर नाशपातीच्या आकाराची पिशवी काढली, उभी रेघ मारली आणि पहिल्यापासून सांगितलं. नवऱ्यालाही जवळ बसवलं. दोन वर्षं तरी दिवस राहू द्यायचे नाहीत, राहिलेच तर कळा येऊ द्यायच्या नाहीत, आणि आणखी मूल नकोच असं ठरलं तर ते तिने ठरवायचं. तिने तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन निवडलं, कारण ते गावच्या उपकेंद्रात मिळतं.

बाळ

जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला 10 पैकी गुण देतात, तो अपगार: पहिल्या मिनिटाला 2, पाचव्याला 4, दहाव्याला 6. नाळेतल्या रक्ताचा पीएच 6.96. याचा अर्थ शेवटची काही मिनिटं मेंदूला प्राणवायू फार कमी मिळाला. नवव्या तासाला झटका आला: डोळे एका बाजूला, ओठ चघळल्यासारखे, एक पाय सायकल मारल्यासारखा. फिनोबार्बिटोनने थांबला. मध्यम प्रतीची मेंदूची इजा, असं निदान झालं.

इथे एक प्रश्न नातेवाइकांतल्या एका शिकलेल्या मुलाने विचारला. मोबाइलवर वाचून तो म्हणाला, "अशा बाळांना 72 तास थंड ठेवतात ना?" ठेवतात. श्रीमंत देशांत, पहिल्या सहा तासांत सुरू करून, 33-34 अंशांवर. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत थंड ठेवलेल्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढलेले दिसले. म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ते केलं नाही. ताप चढू द्यायचा नाही, साखर पडू द्यायची नाही, झटके दाबायचे आणि श्वास सांभाळायचा. सातव्या दिवशी नळीतून दूध, अकराव्या दिवशी वाटी-चमच्याने, चौदाव्या दिवशी तिने पहिल्यांदा छातीला धरलं. आई तेव्हा टाक्यांवर उशी दाबून वाकून बसली होती. सोळाव्या दिवशी दोघी घरी गेल्या.

सहाव्या महिन्यात मुलगी मान उशिरा सावरत होती आणि उजवा अंगठा मुठीत दुमडलेला राहायचा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या ताईंनी आईला अंगठा उघडायचा व्यायाम शिकवला: आधी तळहाताची कड चोळायची, मग करंगळीकडून एकेक बोट. ती तो बसमध्येही करते. दीड वर्षांची असताना मुलगी आधाराने उभी राहिली. उजव्या हाताने वस्तू धरते, सोडायला वेळ लागतो. पुढे काय होईल याचं वचन आम्ही दिलेलं नाही.

एका ओळीचं कार्ड

ती दाखल असतानाच मी आधीच्या रुग्णालयात फोन केला. तिथल्या लोकांनी जुनी फाईल शोधून काढली, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. ऑपरेशनच्या नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं: खालचा भाग तयार नाही, उभा छेद, वरच्या भागापर्यंत. शस्त्रक्रिया करणाऱ्याने त्या रात्री योग्यच केलं होतं आणि प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. फक्त ती ओळ फाईलमध्ये राहिली. कार्ड दुसऱ्याच कुणीतरी सकाळच्या घाईत भरलं होतं, नेहमीचा मजकूर उतरवून.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली 25.4 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. म्हणजे दर चौघींमागे एक बाई पिशवीवर व्रण घेऊन घरी जाते, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या कार्डावर त्या व्रणाबद्दल किती लिहिलेलं असतं हे आम्ही प्रसूतिकक्षातले लोक रोज पाहतो. "एलएससीएस", म्हणजे खालच्या भागातलं सिझर, ही चार अक्षरं. का केलं, कितव्या आठवड्यात, छेद कसा, वाढला का, पुढच्या वेळी काय करायचं, यातलं क्वचितच काही. कामासाठी वर्षातून सहा महिने दुसऱ्या तालुक्यात राहणाऱ्या बाईची फाईल तिच्यासोबत फिरत नाही. तिच्यासोबत ते कार्डच असतं.

त्या महिन्यापासून आमच्या विभागात सिझर करणाऱ्यानेच कार्डावरची ही नोंद मराठीत, स्वतःच्या हाताने लिहायची असं ठरलं. गर्दीच्या दिवशी राहून जातं, मग दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन लिहावं लागतं. उभा छेद असेल तर घरी पाठवण्याआधी बाईकडून आणि सोबतच्या एकाकडून ते तोंडी म्हणवून घेतो: "पिशवीवर उभा टाका आहे, कळा यायच्या आधी ऑपरेशन."

तिच्या कार्डावर मी लिहिलं: "गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा छेद, त्याच जागी फाटून पुन्हा शिवलेलं. नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न कधीही करू नये. कळांचं इंजेक्शन देऊ नये. दिवस राहिल्यास 36व्या आठवड्यात, रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन. पोटात सतत दुखलं, खांदा दुखला, अंगावरून रक्त गेलं तर त्याच घटकेला निघावं." नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला. एक प्रत तिच्या माहेरी गेली.

गेल्या हिवाळ्यात बागांवर जाण्याआधी ती मुलीला दाखवायला आली होती. ओपीडीत गर्दी होती. आधार कार्ड, रेशनकार्ड आणि मुलीचे कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत होते. तिने मुलीला कडेवरून खाली उतरवलं, पिशवीची गाठ सोडली आणि मी काही विचारायच्या आधी ते कार्ड सगळ्यांत वर काढून टेबलावर ठेवलं.